सारून गुरुजी रिंगणात शिरले

सम्बाथचं म्हणणं असं, की त्याच्या गिटारीपुढे दगडसुद्धा नाचेल. मग सारून गुरुजी काय चीज! गुरुजी म्हणजे, सम्बाथचं जिच्यावर मन जडलं होतं त्या चानथूचे वडील. निवृत्त मास्तर, बोलणं कमी, नापसंती जास्त. सम्बाथला जावई करून घ्यायला त्यांनी अजून होही म्हटलं नव्हतं आणि नाहीही. मुलाची रीतभात बघून ठरवू, एवढंच म्हणाले होते.

म्हणून नववर्षाच्या सणाला सम्बाथने आपला 'भोवळ' बँड थेट त्यांच्याच गल्लीत उभा केला. या बँडचं काम सोपं. आजीआजोबांच्या तरुणपणची गोड ख्मेर गाणी घ्यायची आणि त्यांत गिटारीचा असा काही धूर सोडायचा, की आपण कंबोडियातल्या बॅटमबँग शहरात आहोत की ढगात, हे ऐकणाऱ्याला कळू नये.

सुरुवात फक्कड झाली. मधे फळांचं टेबल, भोवती नाचणाऱ्यांचं रिंगण, सणाच्या रिवाजाप्रमाणे सगळ्यांच्या गालांना पावडर. ओळखीची चाल ऐकताच गुरुजी चक्क खुर्चीतून उठले आणि बोटं वळवत रिंगणात शिरले. चानथूच्या डोळ्यांत पाणीच आलं.

गाणं संपत आलं. सम्बाथ थांबणार, इतक्यात त्याला आईची शिकवण आठवली: वडीलधारं माणूस नाचत असताना वाजवणाऱ्याने हात थांबवू नये. त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

तिकडे गुरुजींनाही रीत ठाऊक होती. गाणं चालू असताना रिंगण सोडणं म्हणजे वाजवणाऱ्याचा अपमान! तेव्हा हा थांबेना म्हणून ते थांबेनात, आणि ते थांबेनात म्हणून हा. दोघेही सभ्य, आता करता काय?

बाकीचेही अडकले. गुरुजींच्या आधी बाहेर कोण पडणार? म्हाताऱ्या टेबलापाशी आल्या की फणसाचा गरा तोंडात टाकत आणि पुढे सरकत. सम्बाथची बोटं सोलवटली, चाली संपल्या, तेव्हा तो नुसतेच चित्रविचित्र आवाज काढू लागला. असा बँड झाला नाही, असं तरुण पोरांचं मत पडलं. गुरुजी पावडरीखालीही लालबुंद दिसत होते. सम्बाथला वाटलं, म्हातारा रंगलाय.

"अरे, ते हसत नाहीयेत, दात खातायत," ऑर्गनवाला पिसेथ पुटपुटला. सम्बाथ ऐकेना, तसं त्याने पायानेच स्पीकरची वायर उपटली. गल्ली गप्प झाली आणि गुरुजी होते तिथेच मटकन बसले.

सम्बाथ नारळपाणी घेऊन धावला. गुरुजी ते शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले आणि त्यांनी विचारलं, "वायर कोणी काढली?"

"यानं, गुरुजी. याला मी सोडत नाही."

गुरुजींनी पिसेथला जवळ बोलावलं, त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि त्याला खालपासून वरपर्यंत नीट न्याहाळलं. मग ते लेकीकडे वळले.

"चानथू, या मुलाचं कुठे ठरलंय का, विचार बरं."