खोकले गोळा करणारे दामूअण्णा

आमच्या कामतघरच्या चाळीत माणसं भेटली की विचारतात, "काय, जेवलात का?" दामूअण्णा विचारायचे, "काय, खोकलात का?" शेजारच्या शेवंताच्या लग्नात तर त्यांनी कहर केला. नवरदेव बोहल्यावर चढतोय, आणि हे बाबा त्याच्या तोंडापुढे टेपरेकॉर्डर धरून म्हणतात, "एकदा मोकळेपणी खोका बघू!" मुलगा कापडाच्या लूमवर काम करणारा, खोकल्याच्या सवयीचा. आणि मेला खोकलासुद्धा!

त्याचं असं, मुंबईच्या कुठल्याशा डॉक्टरांनी छातीचा सर्व्हे काढला होता. कापसाची धूळ लूमवाल्यांच्या फुप्फुसात जाऊन काय करते, ते शोधायचं. खोकले टेप करून आणायची ड्युटी दामूअण्णांची. पण माणसाने कामाचं किती वेड घ्यावं? संडासच्या रांगेत मागून कुणी खोकलं, की मान न वळवता सांगायचे, "इस्माईल, उद्यापासून नाकाला फडकं बांध."

इस्माईल म्हणायचा, "अण्णा, आप आदमी हो के जिन?"

अण्णांची बायको सुशीला लूमसाठी सुताच्या कांड्या भरायची. तीही खोकायची, आणि अण्णा तिचाही खोकला टेप करायचे. एका पावसाळ्यात ती त्या खोकल्यातच गेली.

शुक्रवारी आमच्याकडे लूम बंद. एरवी खडखडाटात शेजारच्याची हाक ऐकू येत नाही, शुक्रवारी भिंतीवरची पालसुद्धा ऐकू येते. सुशीला गेल्यानंतरच्या एका शुक्रवारी, भर दुपारी, अण्णांच्या बंद दारामागून बाई खोकली. आधी कोरडं, मग लांबलचक, मग दम लागल्यासारखा शेवटचा श्वास. सुशीलाच! दारात तांदूळ पाखडणाऱ्या झुबेदाआपाच्या हातातलं सूप पडलं. "या अल्ला, वो तो वापस आ गयी!"

पुढच्या शुक्रवारी पुन्हा तेच. बायका त्या बाजूने जाईनात. कुणी म्हणे, वज्रेश्वरीला नारळ फोडा. मी म्हटलं, जिवंतपणी माझ्याकडून वाटीवाटी साखर नेणारी बाई, ती मला काय खाणार आहे? मूठभर मीठ घेतलं आणि दार ढकललं.

आत अण्णा एकटेच. पुढ्यात टेपरेकॉर्डर आणि दोन कप चहा. त्यातला एक मशीनपुढे.

"अण्णा, तिचं बोलणं लावा की! खोकला कसला ऐकता?"

"बोलणं नाहीच हो, वहिनी. बोलायला लागली की मीच म्हणायचो, गप, टेप वाया जाते, नुसती खोक." त्यांनी पुन्हा बटण दाबलं. "शेवटी ऐका."

खोकला संपला. मग दमलेल्या आवाजात, हळूच, "अहो..." आणि खट्. नेमकं तिथेच त्यांनी तेव्हा मशीन बंद केलं होतं.

"काय सांगायचं होतं कोण जाणे," अण्णा म्हणाले. "आता सर्व्हे संपला. उद्या मशीन न्यायला येतील, टेपांसकट. पुसून दुसरीकडे वापरतात."

मला रडू आवरेना. मुठीतलं मीठ घामाने भिजून गेलं होतं.

शनिवारी मशीन गेलं, टेपाही गेल्या.

त्यानंतरच्या शुक्रवारी मी दारात उभी राहून आमच्या ह्यांना हाक मारली, "अहो!"

समोरचं दार धाडकन उघडलं. "आलो गं, आलो!" म्हणत अण्णा बाहेर आले. मला बघितलं आणि उंबऱ्यातच थिजले. तेवढ्यात आमचे हेही आले. त्यांना मी डोळ्यांनीच आत पिटाळलं.

"तुम्हालाच हाक मारली, अण्णा," मी म्हटलं. "चहा टाकलाय. या."