आवडाबाईचा धवळा आणि मास्तरांचे पाय

"मास्तर, ही चाल माज्या आजीची हाय!" आवडाबाईनं शाळेच्या खिडकीतूनच सांगून टाकलं. मुलांचं राष्ट्रगीत संपायचीही वाट पाहिली नाही.

साल एक्कावन्न. उरणजवळच्या त्या मिठागरांच्या गावात राष्ट्रगीत अजून नवंनवं होतं. चांगदेव मास्तरांनी ते गावाला शिकवलं होतं आणि नियमही घालून दिला होता : सूर कानावर पडला की ताठ उभं राहायचं. बोलायचं नाही, माशीसुद्धा हाकलायची नाही. आवडाबाई होती गावची धवलारीण. तिनं मांडवात धवळे, म्हणजे लग्नविधीची गाणी, गायल्याशिवाय आसपासच्या दहा गावांत लग्न लागत नसे.

"आवडाकाकी, हे बंगालच्या कवीनं केलंय," मास्तर म्हणाले.

"शब्द केलं असतील. चाल आमची. आमचं मीठ गलबतानं कलकत्त्याला जातं ना? मग त्याच्यासंगं चाल जाया काय झालं?"

"पुरावा काय?"

"कमळच्या लग्नात गाते. तुजे पाय आपोआप उठतील, त्योच पुरावा!"

कमळ ही मोरूची मुलगी आणि नवरा मुलगा मास्तरांचा सख्खा भाचा. त्यामुळे मोरूची झोप उडाली. त्या हंगामातला शेवटचा गोरज मुहूर्त. तो हुकला तर थेट दिवाळीनंतर, आणि तोवर मुलाकडची मंडळी शब्द पाळतील याचा भरवसा नव्हता.

"काकी, दुसरं काय बी गा," त्यानं हात जोडले.

"आजीचा धवळा न्हाय, तर लगीन न्हाय."

लग्नादिवशी सूर्य खाडीकडे कलला. नवरा मुलगा पाटावर बसला आणि आवडाबाईनं आवाज लावला. पहिल्याच ओळीला शाळेची सगळी पोरं ताडकन उभी राहिली. पाठोपाठ मुलाकडची माणसं उठली. मुलीकडचे मात्र मांडी घट्ट घालून बसले. गाणं त्यांच्या घरचं होतं.

मास्तर अर्धे उठले आणि तिथंच अडकले. उठावं तर चाल आजीची ठरते, बसावं तर विद्यार्थ्यांसमोर राष्ट्रगीताचा अपमान. गुडघे वाकवून ते दोन कडवी तसेच लोंबकळले. शेवटी मांड्या थरथरायला लागल्या आणि ते ताठ उभे राहिले.

आवडाबाई खुलली. राष्ट्रगीत मिनिटभरात संपतं. तिच्या धवळ्याला चाळीस कडवी होती.

मोरू मास्तरांकडे धावला. "मास्तर, बसा की! तुमी बसलात तर ती थांबंल." मास्तर समोर बघत राहिले. ओठ हलवायची सोय नव्हती. मोरू आवडाबाईकडे धावला. धवळा मध्ये तोडणं अशुभ, म्हणून तिनं उत्तर त्याच चालीत गुंफलं :

"मास्तर उठला गो, चाल कुणाची, सांगंना..."

सूर्य वीतभर राहिला. मोरूनं जन्मात कधी गाणं म्हटलं नव्हतं. त्यानं डोळे मिटले आणि त्याच चालीत हंबरडा फोडला :

"काकी गो काकी, मुहूर्त चाललाऽ..."

"त्याला सांगू दे गोऽ..." काकी गायली.

तेव्हा मास्तरांच्या डोक्यात उजेड पडला. राष्ट्रगीत चालू असताना बोलायला बंदी होती, गायला नव्हती. हात मांड्यांना चिकटवून, नजर सरळ ठेवून मास्तर खणखणीत गायले :

"चाल आजीचीऽ, शब्द कवीचेऽ..."

सवयीप्रमाणे पोरांनी ती ओळ मागून म्हटली. मग वऱ्हाडानंही म्हटली. आवडाबाईनं उरलेली कडवी एका दमात गुंडाळली. अंतरपाट धरला, सूर्य टेकता टेकता अक्षता पडल्या आणि मोरू मांडवाच्या खांबाला पाठ लावून मटकन बसला.

सकाळी वरातीची तयारी चालली होती. मास्तरांनी रात्रभर विचार केला असावा. ते आवडाबाईसमोर येऊन म्हणाले, "काकी, कालचं ते धरू नका. मी ते नुसतं गाऊन म्हटलं होतं. गाण्यातलं बोलणं काही खरं नसतं."

मोरू पानाचं तबक घेऊन दोघांच्या मध्ये घुसला.

आवडाबाईनं शांतपणे सुपारी कातरली. "बरं. मग तुज्या भाच्याला सांग, एकलाच घरी जा. लगीन बी मी नुसतं गाऊनच लावलंय."

मास्तरांनी एकदा भाच्याकडे पाहिलं, एकदा कमळकडे.

"आजीचं नाव काय होतं, काकी?" त्यांनी विचारलं आणि खिशातून पेन्सिल काढली.