दादांच्या खुर्चीचा असली स्टँड

खुर्ची कुठल्या काळातली आणि तिच्या बुडाखालचा स्टँड तिचाच की दुसरीचा ढापलेला, हे मी डोळे मिटून सांगतो! वाळूजच्या कारखान्यात स्टोअरकीपर आहे मी, खुर्च्या-टेबलांचा सगळा हिशेब माझ्याकडे. माझ्या नजरेखालून जितक्या खुर्च्या गेल्यात, तितक्या मंत्रालयातही नसतील!

म्हणून तर मायनं दादांच्या खुर्चीचा विषय काढला, तेव्हा मी छाती ठोकली.

दादा म्हणजे माझे वडील, कडुबा. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात वेल्डर होते. मशिनी बसवायला आलेला परदेशी इंजिनियर मायदेशी निघाला, तेव्हा आपली खुर्ची त्यांना देऊन गेला. फायबरचं खोलगट पिवळं सीट, मधोमध दांडा, जमिनीवर पसरलेल्या पायांच्या चार पाकळ्या आणि गोल फिरणारी! छावणीजवळच्या आमच्या गल्लीत पाहुण्याला टेकायला बाज मिळायची, आमच्याकडे मात्र फॉरिनची खुर्ची! दादा मला मांडीवर घेऊन गिरकी द्यायचे. कौलं, कंदील, मायचं तोंड, परत कौलं! अजून डोळे मिटले की ती गिरकी आठवते.

विद्यापीठाच्या नामांतराची सभा असली की अध्यक्षांसाठी खुर्ची आमच्याकडून जायची. सायकलवर न्यायला सोपं पडावं म्हणून चार बोल्ट काढायचे, सीट वेगळं, स्टँड वेगळा. एका सभेत लाठ्या चालल्या, पळापळ झाली. त्या दिवशी सीट घरी आलं, स्टँड आलाच नाही.

दादांनी सीट डालड्याच्या मोठ्या डब्यावर ठेवलं. त्यावर बसून म्हणायचे, "विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागू दे. मग असली स्टँड हुडकतो अन् खुर्चीत बसून आख्खा कप चहा पितो." नाव लागायच्या आधीच दादा गेले.

चौऱ्याण्णवच्या संक्रांतीला बातमी आली. गल्लीत हलग्या कडाडल्या, गुलाल उधळला. माय मात्र त्या डब्यापाशी बसून राहिली.

"रविवारी समदे येतील," ती म्हणाली. "तवर तुझ्या बापाची खुर्ची उभी पायजे. फोटो तिच्यात ठिवू, म्होरं कपभर चहा. मानूस ऱ्हायला नाय, निदान शब्द तरी ऱ्हावा."

"माय, सोड माझ्यावर!"

"अरं, पन त्या स्टँडला..."

"मला नको सांगू! खुर्च्यांचंच काम करतो मी!"

"ऐकून तर घ्या, त्या काय म्हनायल्यात," बायको गीता म्हणाली. पण ऐकून घेतो तो स्टोअरकीपर कसला!

पहिली धाड शहागंजात, जुन्या सामानाच्या दुकानावर. दुकानदार फकिराभाईनं ढिगातून एक स्टँड ओढून काढला. पाकळ्या चार! बोल्टची भोकंही जुळत होती! मी दांडा पकडून फिरवला. हलेना! वाकून बघतो तर दांडा वेल्डिंग मारून जाम केलेला.

"ओ फकिराभाई, कोण्या कसायानं वेल्डिंग मारलं हे? असली स्टँड लोण्यासारखा फिरतो!"

"साहेबरावभाई, होल तो बराबर बैठ रहे! लेके जाव, अम्मा को दिखाव!"

"असली-नकली मला कळतं!" म्हणत मी ताठ मानेनं बाहेर पडलो.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात आमच्या मॅनेजरच्या, आप्पासाहेबांच्या केबिनमध्ये गेलो आणि थबकलो. साहेबांची खुर्ची लिलावातून आलेली, जुनी. टेबलाखालून तिच्या पाकळ्या चमकत होत्या. मी मोजल्या. चार! पेन पडल्याचं निमित्त करून मी सरळ टेबलाखाली शिरलो आणि दांडा चाचपायला साहेबांच्या बुटांमधून हात घातला.

साहेब दचकले. "अहो साहेबराव! हे काय? उठा, उठा!"

"साहेब, जरा पाय वर घ्या," मी खालून म्हणालो.

साहेबांना वाटलं, मला डोकं टेकवायला जागा हवीय! त्यांनी पाय वर उचलले आणि हात पुढं केला. "अहो, मागचं मी काही मनात ठेवलेलं नाही! तुमच्या प्रमोशनचं बघतो मी, पण आधी उठा!"

प्रमोशन ऐकून, खोटं कशाला बोलू, मी क्षणभर तिथंच रेंगाळलो. नेमका तेवढ्यात दार उघडून युनियनचा कारभारी आत आला. त्याला काय दिसलं? साहेबांचे पाय वर, हात आशीर्वादाला निघालेला, आणि टेबलाबाहेर माझी फक्त मागची बाजू!

"साहेबराव! तिकडं नाव लागलं, अन् तू हितं साहेबाच्या पायावर?"

"कारभारी, मी स्टँड बघायलोय!"

"व्हय व्हय! बुटात सापडतो का बघ!"

जेवणाच्या सुट्टीपर्यंत लोकांच्या तोंडी मी पाया पडलो होतो. गेटवर पोचेपर्यंत नाक घासलं होतं. आणि कंपनीची बस छावणीत थांबेपर्यंत मी रडून रडून साहेबांचे बूट धुतले होते!

घरी माय दारातच उभी. "तुझ्या बापानं लाठ्या खाल्ल्या, पन कुनाच्या पाया पडला नाय. तू कामून पडला?"

"अगं, दादांच्या खुर्चीसाठी वाकलो!" मी सगळं सांगितलं. तिचा राग थोडा उतरला.

"मग घावला का स्टँड?"

"नाय. पाचवी पाकळी साहेबांच्या बुटाखाली होती."

गीता पदर तोंडाला लावून आत पळाली. मी चिडून म्हणालो, "शहागंजात एक होता चार पाकळ्यांचा. पन कुण्या येड्यानं वेल्डिंग मारून जाम केलेला. भंगार!"

माय एकदम पुढं आली. "वेल्डिंग? दांड्याला? काळ्या सुरवंटावानी?"

"व्हय. तुला कसं ठाव?"

"अरं बैला, ते येडं तुझा बापच व्हता!"

मायनं सांगितली ती मी पुण्याला अप्रेंटिस होतो तेव्हाची गोष्ट. एका सभेचे अध्यक्ष वयस्कर, बसूनच बोलणारे. रंगात येऊन त्यांनी हात फेकला आणि खुर्चीसकट गर्रकन फिरले! पुढची अख्खी घोषणा त्यांनी भिंतीला ऐकवली! दादांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. हलणारी खुर्ची सभेला नको, म्हणाले आणि त्यांनी दांडा कायमचा जाम करून टाकला. मी पुण्याहून परतायच्या आधीच लाठ्यांच्या सभेत तो स्टँड गेला.

"हेच सांगत व्हते तवा," माय म्हणाली. "तू कुठं ऐकायलास!"

तसाच सायकल हाणत शहागंज गाठलं. स्टँड ढिगात नव्हता! बघतो तर दुकानाच्या तोंडाशी फकिराभाईनं त्यावर फळी टाकून वजनकाटा मांडलेला.

"मस्त चीज है! जरा भी नहीं हिलता," तो म्हणाला. "जिसने वेल्डिंग मारी, उस्ताद आदमी था!"

मी मान खाली घालून वजनकाटा उतरवला आणि स्टँडचे पैसे मोजले. काल त्याच उस्तादाला मी कसाई म्हणालो होतो.

रविवारी चार बोल्ट आवळले आणि खुर्ची उभी राहिली. माय खाली बसली, त्या वेल्डिंगवरून तिनं बोट फिरवलं. बराच वेळ फिरवत राहिली. मग खुर्ची दाराकडं तोंड करून ठेवली, तिच्यात दादांचा फोटो आणि समोर काठोकाठ भरलेला कप.

"माय, ग्राइंडरनं हे काढू का?" मी हळूच विचारलं. "पहिल्यासारखी फिरंल."

"हात लावू नको! त्यांनी जिकडं तोंड केलं, तिकडंच ऱ्हाऊ दे."

पाहुणे पांगले. घरात मी एकटाच उरलो. चहावर साय धरली होती. मला राहवेना. एकदाच, फक्त एकदाच दादांना गिरकी द्यावी असं फार वाटलं. खुर्चीसमोर उकिडवा बसलो, दोन्ही हातांनी सीट धरलं आणि डोळे मिटून जोर लावला. खुर्ची तसूभरही हलली नाही. माझाच पाय सटकला आणि मी फोटोसमोर पालथा पडलो!

दारात आवाज आला. चहाला उशिरा आलेला कारभारी उभा होता.

"साहेबराव! आता कुनाच्या पाया पडायलास?"

या वेळी मात्र मी स्टँड बघायलोय असं सांगितलं नाही.