पुरुषाचा मेंदू कपाटात शिरतो

त्या दिवशी ऑफिसात डबा खाताखाता आमच्या हेडक्लार्कांनी जाहीर केलं, की पुरुषाचा मेंदू जागेचा विचार करण्यासाठी घडलेला असतो आणि बाईचा बोलण्यासाठी. त्यांनी हे कुठंतरी वाचलं होतं. (कुठं, ते त्यांना आठवेना. तेवढा कप्पा बहुधा बायकांना मिळाला असावा.) मी पडलो पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढणारा माणूस. लांबी, रुंदी, कोपरे हा माझाच प्रांत! मला एकदम उकळ्या फुटल्या. घरात पाऊल ठेवताच मी बायकोला सांगून टाकलं, "ते नवं कपाट मी आजच जोडणार! आणि माहितीपत्रक न उघडता!"

"कशासाठी?" बायकोनं विचारलं. ती दातांची डॉक्टर आहे. तिनं नुसतं 'कशासाठी' म्हटलं तरी माणूस आपोआप 'आ' करतो.

मी तिला मेंदूंतला फरक समजावून सांगितला.

"मेंदू सारखेच असतात हो," ती पर्स उचलत म्हणाली. "काहीजण जपून वापरतात, एवढंच. मी बहिणीला घेऊन येते. तोवर कपाटाला हात लावू नका."

अर्थात लावला. आणि काय सांगू, फळीला फळी अशी लागत गेली की बघता बघता कपाट उभं! थोडे स्क्रू उरले. (कंपन्या जास्तीचेच देतात.) दाराच्या बिजागऱ्या तेवढ्या आतून आवळायच्या होत्या, म्हणून मी आत शिरलो आणि अंदाज यावा म्हणून दार ओढून घेतलं.

खट्!

काय बसलं होतं दार! कुठं फट म्हणून नाही! आनंदानं माझे डोळे भरून आले. ते पुसल्यावर लक्षात आलं, की कपाटाला आतून मूठ नसते.

तेवढ्यात दोघी बहिणी आल्याच. मी हाक मारणार, तोच मेहुणीचा आवाज आला, "भावोजी नाहीत वाटतं घरात? बरं झालं. आता सांग ताई, तुझं काय ठरलं?"

मी उघडलेलं तोंड मिटलं. पुरुष हजर नसताना बाईच्या मेंदूत काय चालतं, हे समक्ष ऐकणारा मी पहिलाच संशोधक! उत्साहानं मला घाम फुटला. (आत हवाही कमी होती.)

मेहुणीची बढती, तिचा गुडघा, पोहण्याचा क्लास, सगळं एका दमात झालं. आणि मधेच बायको म्हणाली, "मला आता तो नकोच."

मी कान टवकारले. पुरुष विषय वळवण्याआधी निदान सिग्नल तरी देतो!

"मी केव्हाची सांगतेय," मेहुणी म्हणाली. "रात्रभर घुरघुरतो म्हणालीस ना?"

"घुरघुरतो, मधेच थरथरतो, मग गप्प. आणि जागा केवढी अडवतो!"

मी पोट आत घेतलं.

"लग्नातलाच ना गं?"

"हो ना. नुसता उभा असतो. हल्ली तर दिवासुद्धा लागत नाही त्याचा."

(डोक्यातला. मला लगेच कळलं. ऑफिसातही हेच म्हणतात.)

"तपासून घ्यायचास एकदा."

"घेतला की. तपासणारा म्हणाला, आतलं सगळंच गेलंय."

माझ्या डोळ्यांपुढे आमचे डॉक्टर उभे राहिले. मला तोंडावर 'ठणठणीत' म्हणाला होता हा गृहस्थ!

"मग देऊन टाक. आपल्या गल्लीतलाच एकजण येऊन उचलून नेतो. बोलवू?"

"लाव फोन. जीव गुंतवत बसले तर कधीच निघायचा नाही तो."

फोन लागला, बोलणंही झालं. आता मात्र मला राहवेना. "मी जाणार नाही!" अशी आरोळी ठोकून मी दारावर खांदा मारला. दार उघडलं नाही. (ते खरोखरच उत्तम बसलं होतं.) बाकीचं कपाट मात्र चारी दिशांना उघडलं. पाठ मागं पडली, बाजू बाजूला पडल्या, आणि दाराला मिठी मारून मी हॉलच्या मधोमध कोसळलो.

"मी घोरणार नाही! जागा कमी अडवीन! पाहिजे तर डॉक्टर बदलू!"

बायको बघतच राहिली. "अहो, फ्रिज! आम्ही फ्रिजबद्दल बोलतोय!"

"मग तसं म्हणायचं ना!"

"त्यात न कळण्यासारखं काय होतं, भावोजी?" मेहुणीनं मनापासून विचारलं.

"आणि माझ्याबद्दल? माझ्याबद्दल काय बोललात?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. "तुमचा विषय कुठे निघाला?"

तेवढ्यात बेल वाजली. फ्रिज न्यायला माणूस आला होता. त्यानं स्वयंपाकघराच्या दारातून दिसणारा फ्रिज पाहिला, हॉलभर पडलेल्या फळ्या पाहिल्या, त्या फळ्यांत मांडीवर दार घेऊन बसलेल्या मला पाहिलं, आणि बायकोला विचारलं, "ताई, यातलं नेमकं काय काय न्यायचंय?"

उत्तर तसं सोपं होतं. पण बायको विचारात पडली.