कानातले खडे आणि महाराणीची चिरफाड

गादी विकण्यात माझा हात धरणारा माणूस अजून जन्माला यायचाय. ही फुशारकी नाही, वस्तुस्थिती आहे! इतर दुकानांतले विक्रेते गादीवरून हात फिरवून दाखवतात. अहो, हात फिरवायला गादी म्हणजे काय मांजर आहे? गादी ही लोळायची चीज आहे. म्हणून मी गिऱ्हाइकासमोर बूट काढतो, गादीवर आडवा होतो आणि डावीकडून उजवीकडे असा काही लोळतो, की बघणाऱ्याला जांभई आलीच पाहिजे. एकदा जांभई आली की गादी खपली! या कलेमुळे सगळा बाजार मला 'लोळेमास्तर' म्हणतो. माझं खरं नाव मालकांनासुद्धा आठवत नाही.

तर झालं असं, की एका सकाळी मी घरच्या गादीवर उजव्या कुशीवर वळलो आणि खोली फिरायला लागली. हळूहळू नव्हे, लहान मूल भोवरा सोडतं तशी! कपाट माझ्यावरून गेलं, त्याच्यामागून खिडकी गेली, पुन्हा कपाट आलं.

"पंखा बंद कर!" मी ओरडलो.

"बंदच आहे," बायको म्हणाली.

"मग भिंती बंद कर!"

"शुद्धीवर आहात ना?"

"अगं, मला कुणीतरी गरागरा फिरवतंय!"

"मी तर अजून काही बोललेसुद्धा नाही!"

पलंगाच्या कडेला मी पालीसारखा चिकटून राहिलो. थोड्या वेळानं खोली थांबली. मी खुशीत येऊन मान वळवली, तर पुन्हा सुरू! तेव्हा बायकोनं मला, भरलेली कळशी न्यावी तसं, हिंदकळू न देता कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

डॉक्टरीणबाई अंगानं किरकोळ, पण हात पैलवानाचा. आधी चार प्रश्न विचारले, चालवून पाहिलं. मग टेबलावर बसवून माझी मान उजवीकडे वळवली आणि काही कळायच्या आत मला धाडकन मागे आडवं केलं. डोकं टेबलाबाहेर लोंबकळत! दवाखाना फिरायला लागला.

"डोळे मिटू नका!" त्या माझ्या डोळ्यांत टक लावून म्हणाल्या. "वा! छान! काय सुंदर नाचतायत!"

माझ्या डोळ्यांचं इतकं कौतुक लग्न ठरतानासुद्धा कुणी केलं नव्हतं.

"काही घाबरायचं नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्या कानातले खडे निसटलेत."

मी कानाच्या पाळ्या चाचपल्या. "पण मी कानात काही घालतच नाही!"

"अहो, कानात घालायच्या कानातल्यातले नव्हे," बायकोनं कपाळाला हात लावला. "कानाच्या आतले!"

मग उलगडा झाला. कानाच्या आत, खोलवर, अगदी बारीक खडे असतात म्हणे. तोल सांभाळायचं काम त्यांचं. त्यातले काही जागा सोडून भलत्याच नळीत शिरले, की मान वळताच जग फिरतं. त्यांना परत घरी पाठवायला औषध नाही, कसरत आहे. डोकं उजवीकडे वळवून मागे आडवं व्हायचं, गरगर थांबेपर्यंत थांबायचं. मग डोकं डावीकडे. पुन्हा थांबायचं. मग सगळं अंगच डाव्या कुशीवर वळवून तोंड जमिनीकडे. मग सावकाश उठून बसायचं. खडे नळीतून गडगडत आपल्या जागी जातात! डॉक्टरीणबाईंनी ते सगळं करून घेतलं, आणि मी उठलो तो खरंच स्थिर!

"परत झालंच तर हेच करा. उजवा कान, लक्षात ठेवा. जवळ कुणीतरी असू द्या. आणि आज घरी आराम."

पण घरी बसेल तो लोळेमास्तर कसला! त्याच दिवशी दुकानात एक हॉटेलवाल्या बाई येणार होत्या. नवं हॉटेल, सगळ्या खोल्यांच्या गाद्या आमच्याकडून! मालकांनी आठवडाभर त्या ऑर्डरचीच जपमाळ ओढली होती. "ही ऑर्डर गेली तर मास्तर, आपण दोघंही रस्त्यावर. तेही गादीशिवाय!"

"जा, पण लोळायचं नाही," बायकोनं बजावलं.

"छे! नुसता बोलणार."

बाई आल्या. भरदार बांधा, मोठा आवाज आणि दोन्ही कानांत खांद्यापर्यंत लोंबणारी, खड्यांनी लखलखणारी कानातली. मालक त्यांना थेट 'महाराणी'कडे घेऊन गेले. महाराणी म्हणजे आमची सर्वांत महाग गादी. तिच्यावर मालकांचा पोटच्या पोरीसारखा जीव. "आत एकसंध अस्सल रबर!" असं ते सांगायचे, आणि मीही तेच गिऱ्हाइकांना सांगत आलो होतो.

"ते लोळून दाखवणारे गृहस्थ तुम्हीच ना?" बाईंनी विचारलं. "माझ्या बहिणीनं सांगितलंय. लोळा बघू!"

मालकांनी डोळे वटारले. मी बूट काढले. आता इतकं कुणी प्रेमानं म्हटल्यावर माणसानं काय करायचं? डावीकडे लोळलो, काही झालं नाही. धीर आला. उजवीकडे लोळलो...

दुकान सुटलं!

उशा, चादरी, मालक, बाई, पुन्हा उशा! मी दोन्ही हातांनी महाराणीला घट्ट धरलं. पण विक्रेत्याची जात. तोंड चालूच!

"बघा बाई... काय... तरंगल्यासारखं... वाटतं! आपण... पृथ्वीवर आहोत... असं वाटतच नाही!"

"अय्या, खरंच?" बाई भारावल्या. "पण तुमचे डोळे असे का करतायत?"

"सुख झालं... की असेच... नाचतात!"

"एका मिनिटात इतकं सुख?" बाईंनी मालकांकडे कौतुकानं पाहिलं. मालक म्हणाले, "चला, तोवर तुम्हाला उशा दाखवतो," आणि त्यांना फळीच्या पलीकडे घेऊन गेले. जाता जाता माझ्या पाठीवर थाप मारली. त्या थापेनं दुकान आणखी दोनदा फिरलं.

मी चाचपडत फोन काढला. हात सोडवेना म्हणून स्पीकर लावला.

"लोळलात ना?" बायकोनं पहिल्याच शब्दाला पकडलं.

"किंचित."

"काय झालं?"

"अगं, कानातले खडे निसटलेत! पार आत गेलेत!"

"मग आता अजिबात घाबरू नका. कुणाच्या लक्षात यायच्या आत गुपचूप आटपून घ्या. आधी उजवा कान!"

आता एक लक्षात घ्या. आमच्या दुकानातली ती फळी म्हणजे नावालाच फळी. पलीकडे कुणी शिंकलं तर अलीकडचा रुमाल काढतो. पलीकडे एक उशी धपकन खाली पडली. आणि मग किंकाळी!

"माझ्या कानातला खडा!!"

बाईंच्या उजव्या कानातल्यातला एक खडा खरोखरच गायब होता.

मी तोवर पलंगावर आडवा तिडवा होऊन, मान उजवीकडे वळवून, डोकं कडेबाहेर सोडून पडलो होतो. या अवस्थेत मला मालक उलटे आले. म्हणजे आले सुलटेच, मला उलटे दिसले. त्यांच्यामागे बाई, आणि बाईंच्या मागे गाद्या पोचवणारा आमचा टेम्पोवाला.

"मास्तर! खडे कुठायत?" मालक कडाडले.

"आत गेलेत."

"आत म्हणजे कुठे?"

"नळीत!"

"गादीत नळी कुठून आली?"

"मालक, आत्ता मला बोलायला लावू नका. मी हललो तर ते भलतीकडेच जातील!"

"कुणीही हलू नका!" मालक ओरडले. "शटर ओढा!" टेम्पोवाल्यानं शटर ओढलं. काळोख झाला. मग कुणीतरी चाचपडत दिवे लावले.

"किती खडे गेलेत?" बाईंनी हुंदका देत विचारलं.

"पुष्कळ असतात," मी शक्य तितक्या प्रेमानं म्हणालो. "मोजता येत नाहीत. डॉक्टरीणबाईंना सगळं ठाऊक आहे."

"डॉक्टरीणसुद्धा सामील आहे!" मालक टेम्पोवाल्याला म्हणाले.

तेवढ्यात फोनमधून आवाज आला, "गरगर थांबली का? आता मान डावीकडे! हळू! खडे सुटतील नाहीतर!"

"ही कोण?"

"माझी बायको."

"अख्खं कुटुंब!" मालक मटकन खुर्चीत बसले. "इतकी वर्षं मी टोळी पोसत होतो!"

मी मान डावीकडे वळवली. मनात म्हटलं, मालक काळजीपोटी बोलतायत. आजारी माणसाशी कुणी इतक्या आपुलकीनं भांडतं का? माझे डोळे भरून आले. तेही नाचता नाचता!

"आता कूस बदला," बायको म्हणाली. "तोंड जमिनीकडे!"

"चोराचं तोंड जमिनीकडेच असायला हवं!" मालक गरजले आणि ताडकन उठले. "माझ्या दुकानात गिऱ्हाइकाचा खडा जातो म्हणजे काय? बाई, तुमचा खडा मी मिळवून देणार! या गादीत गेलाय ना? आण रे कटर!"

टेम्पोवाला गडबडला. "महाराणी फाडायची?"

"महाराणीच काय, मी यांनाही फाडीन! पण आधी गादी!"

मी डाव्या कुशीवर, नाक फरशीकडे. आणि माझ्या पाठीमागे टर्र्र आवाज झाला. माझ्याखालची जमीन एका बाजूनं खचायला लागली. मला वाटलं, झालं! खडे मेंदूत गेले!

"अगं, पलंग फाटतोय!" मी किंचाळलो.

"तसं वाटतं. पडून राहा," बायको शांतपणे म्हणाली.

टेम्पोवाल्यानं महाराणीचं पोट या टोकापासून त्या टोकापर्यंत उघडलं आणि तिघंही आत हात घालून शोधू लागले. आणि मग तिघंही थांबले. म्हणून कसरत सोडून मी हळूच मान वर केली.

महाराणीच्या आत खडा नव्हता. एकसंध अस्सल रबरही नव्हतं. होते ते फोमचे तुकडे. निळे, पिवळे, गुलाबी. जुन्या सोफ्यांची, मोटारीच्या सीटांची कात्रणं. एका तुकड्याला तर चक्क कापडाचं बटण लटकत होतं!

"हे... कारखान्यानं फसवलं मला," मालक पुटपुटले. पण त्यांचे कान लाल झाले होते. कारखान्यानं फसवलेल्या माणसाचे कान असे लाल होत नाहीत.

बाईंनी कमरेवर हात ठेवले. "अस्सल रबर?"

"ते जाऊ दे हो. आधी तुमचा खडा!" मालक घाईघाईनं म्हणाले. "हिरा होता का? पोलिसांना बोलावू? जवाहिऱ्याची पावती असेल ना?"

पोलीस म्हटल्याबरोबर बाईंनी कमरेवरचे हात काढले. "पोलीस कशाला एवढ्यासाठी?"

इतक्यात फोन तापलेल्या आवाजात म्हणाला, "अहो, कोण आहे तिकडे? त्यांना शांतपणे झोपू द्या! त्यांच्या कानाच्या आतले खडे सरकलेत. चक्कर येते त्यांना! डॉक्टरांनी दिलेली कसरत चाललीये!"

सगळ्यांनी फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी सावकाश उठून बसलो. दुकान जागच्या जागी होतं. भिंती उभ्या, मालक सुलटे. "आत्ता गेले बघा जागेवर!" मी आनंदानं म्हणालो.

"मग माझा खडा?" बाईंनी कानातलं काढून दिव्याखाली धरलं. टेम्पोवाल्यानं डोकं पुढे काढलं.

"बाई, हा आज नाही पडलेला. इथला डिंक वाळून पिवळा पडलाय. बरेच दिवस झाले असतील."

"डिंक?" मालकांचे डोळे चमकले. "हिऱ्याला डिंक?"

बाईंनी कानातलं मुठीत लपवलं. मालकांनी पाय सरकवून एक गुलाबी तुकडा पलंगाखाली ढकलला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आणि मग इतक्या समजुतीनं सौदा ठरताना मी जन्मात पाहिला नाही! महाराणी बाद. साधी कापसाची गादी, भाव वाजवी, आत काय आहे ते आधी उसवून दाखवायचं, आणि झाल्या प्रकाराबद्दल दोन्ही बाजूंनी अवाक्षर काढायचं नाही. सगळी ऑर्डर आमचीच! खरं सांगू? त्या दिवशी त्या दुकानात अस्सल खडे फक्त माझ्या कानात होते.

मालकांनी मला कोपऱ्यात घेतलं. मला वाटलं, माफी मागतायत.

"मास्तर," ते म्हणाले, "आजपासून तुमचं लोळणं बंद. तुम्ही लोळलात की मला कटर आणावासा वाटतो."

तेव्हापासून मी उशांच्या विभागात आहे. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा तपासून 'आता सगळं ठीक' असा निर्वाळा दिलाय. पण मी कशाला धोका पत्करू? मान जपून वापरतो. लागेल तेवढीच.

कालच एक आजोबा आले. चांगल्या डझनभर उशा घेणारं गिऱ्हाईक! त्यांनी एक उशी दाबून विचारलं, "काय हो, बरी आहे ना ही?" कुणीही मान डोलावली असती. मी मान सरळ ठेवली, नजर सरळ ठेवली आणि फक्त ओठ हलवून म्हणालो, "हो."

आजोबांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. उशी परत ठेवली.

"साधा उशीवाला," ते जाता जाता म्हणाले, "आणि ताठा बघा केवढा!"