गावच्या जावयाचं लेबल

सुगतनं बायकोला फोनवर सांगून टाकलं, की यंदाच्या उन्हाळ्यात कुलरमध्ये पाणी मी भरीन, तू बादलीला हात लावायचा नाही. आता नवऱ्यानं कुलर भरणं यात फुशारकी ती काय, असं तुम्हांला वाटेल. पण कुलर होता अकोल्याच्या जुन्या शहरात आणि सुगत अमरावतीत. कार्यालयातली संगणकाची मशीन कधीही रुसायची, म्हणून त्याला आठवडाभर गाव सोडायची परवानगी नव्हती. शनिवारी संध्याकाळी बडनेऱ्याला गाडीत बसायचं आणि सोमवारी पहाटे तोंड लपवून निघायचं, कारण मुलगी जागी झाली की पायाला मिठी मारून बसायची. ज्योत्स्ना याच कार्यालयाच्या अकोल्याच्या शाखेत कारकून. लग्न झाल्यापासून दोघांनी मिळून संसार केला तो रविवारचा.

अशात सरकारी कृपा झाली. कार्यालयात साक्षीदारांची नावं, चौकशीचे अहवाल, असं पुष्कळ नाजूक सामान होतं. त्यासाठी नवी, फार कडक सुरक्षेची संगणक प्रणाली आली आणि ती सांभाळणारे प्रशासक तयार करायला नागपूरहून आकांक्षा मॅडम आल्या. अकोल्याच्या शाखेत अशा प्रशासकाची एक जागा निघाली होती. प्रशिक्षणात जो उत्तम उतरेल तो अकोल्याला! संगणकात सुगतचा हात धरणारं कार्यालयात कोणी नव्हतं, त्यामुळे त्यानं मनातल्या मनात सामान बांधून ठेवलं.

मॅडमनी पहिल्याच दिवशी सगळं समजावलं. या प्रणालीत प्रत्येक कागदाला लेबल असतं आणि प्रत्येक माणसालाही. सगळ्यांत खाली सार्वजनिक, मग अंतर्गत, मग गोपनीय आणि अगदी वर अतिगोपनीय. वरच्यानं खालचं वाचावं, पण खाली काही लिहू नये. चुकून एखादं गुपित निसटलं तर? शिवाय एकट्याच्या हातात सत्ता नको म्हणून दोन प्रशासक. एक माणसांची खाती उघडणार, दुसरा त्यांना लेबल देणार, आणि एकानं दुसऱ्याच्या कामात बोट घालायचं नाही. कामाला लागेल तेवढंच लेबल घ्या, असं मॅडम पुन्हापुन्हा सांगत होत्या. सुगत हे सगळं घोटून प्यायला होता. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्यानं सांगितलं असतं.

लेबल देणारा जोडीदार म्हणून त्याच्या वाट्याला आले किसनराव. निवृत्तीला आलेला, अतिशय सज्जन माणूस. राहणार अमरावतीशेजारच्या वलगावचे. ज्योत्स्नाचं माहेरही वलगावचं! म्हणजे सुगत हा गावचा जावई, आणि गावच्या जावयाचा मान किसनराव कार्यालयातही सोडत नसत. सुगत आला की वयानं वडिलांसारखा हा माणूस खुर्चीवरून उठून उभा राहायचा. सुगतही त्यांना मामाजी म्हणायचा. खोटं कशाला बोला, त्याला ते उठणं आवडायचं.

सरावाचे दिवस संपले आणि खऱ्या मशीनवर लेबलं द्यायची वेळ आली. सुगतनं खाती उघडली. किसनरावांनी चष्मा पुसला, यादीत सुगतचं नाव आलं तसे ते थांबले आणि खुर्ची जवळ ओढून हळूच म्हणाले, "जवाईबापू, तुमाले अंतर्गत दिलं तर चार लोकं तुमच्या वर बसतीन. गावचा जवाई खाली अन् बाकीचे वर? वलगावात तोंड दाखवता येईन काय मले?"

इथं सुगतनं काय म्हणायला हवं होतं? मामाजी, मला अंतर्गतच पुरे, अकोल्याची मशीन तेवढ्याच लेबलाची आहे. पण तो म्हणाला, "तुमाले जसं बरं वाटते तसं करा, मामाजी." किसनरावांनी कळ दाबली. सुगतच्या पडद्यावर वरच्या बाजूला लालभडक पट्टी आली: अतिगोपनीय. तो ताठ बसला. स्वतःला किसनरावांनी सार्वजनिक ठेवलं, कारण घरच्या माणसानं पंगतीत शेवटी बसायचं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी अकोल्याहून ज्योत्स्नाचा निरोप मशीनवर आला. रोज यायचा. या एका ओळीसाठी सुगत सकाळपासून घड्याळाकडे बघत असायचा. "जेवले काय?" एवढंच. त्यानं उत्तर लिहिलं, "हो, जेवलो. तू?" मशीननं ते खाली जाऊ दिलं नाही. त्यानं पुन्हा लिहिलं. मशीननं ते उचललं आणि साक्षीदारांच्या नावांशेजारी कुलपात ठेवून दिलं. सुगत जेवला, हे आता राज्याचं गुपित झालं होतं!

तिकडे ज्योत्स्ना लिहीतच होती. पोरीनं आज स्वतःच्या हातानं वरणभात खाल्ला. मग, वाचून राहिले ना? मग, बोलायचं नसन तर नका बोलू. सुगत एकेक ओळ वाचत होता आणि मशीनसमोर नुसते हात चोळत होता. संध्याकाळी दारात जमा केलेला मोबाइल हातात मिळताच त्यानं फोन लावून खुलासा केला, की माझं लेबल फार वरचं आहे आणि तिथून खाली लिहिता येत नाही.

पलीकडून ज्योत्स्ना म्हणाली, "बायकोसंग बोलासाठी खाली या लागते काय तुमाले?"

रात्री खोलीतल्या खाटेवर त्याला घराची इतकी आठवण आली, की भिंतीकडे तोंड करून तो नुसता पडून राहिला. मोर्णा नदीपलीकडच्या त्या अरुंद गल्लीत, दाराच्या पायरीवर ज्योत्स्ना पोरीला घेऊन बसली असेल, आणि आपण इथं लाल पट्टीखाली बसून काय कमावलं?

पण उपाय होता. एखाद्या कागदाचं लेबल उतरवता येतं. फक्त दुसऱ्या प्रशासकानं, मग त्याचं स्वतःचं लेबल कितीही खालचं असो, तो पूर्ण वाचून त्यात गुपित काही नाही असा दाखला द्यायचा. सुगतनं लगेच अर्ज टाकला. मजकूर: हो, जेवलो. तू? किसनरावांनी अर्ज उघडला, कोणाकडून कोणाला ते पाहिलं आणि विंचू दिसावा तसे मागे सरकले. लेकीजावयाचं आपसातलं बोलणं त्यांनी वाचायचं? त्यांनी डोळे मिटले आणि अर्ज नामंजूर केला. सुगतनं आठवडाभर अर्ज केले, त्यांनी आठवडाभर डोळे मिटले.

शेवटी तो मॅडमकडे गेला आणि म्हणाला, माझंच लेबल उतरवा. मॅडमनी पडदा पाहिला आणि कपाळाला हात लावला. लेबल चढवायला एक कळ पुरते, उतरवायला मुंबईत समिती बसते. ती कधी बसेल ते समितीलाही ठाऊक नसतं. आणि अकोल्याची मशीन अंतर्गतपर्यंतचीच. अतिगोपनीय माणूस तिचा प्रशासक होऊच शकत नाही.

"म्हणजे अकोला..." सुगत पुटपुटला.

"तुम्ही पहिले आलात, सुगत," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "पण आता तुम्ही अमरावतीशिवाय कुठंच बसत नाही."

मग अकोल्याला कोण? प्रशिक्षण घेतलेल्यांत नियमात बसेल इतकं खालचं लेबल एकाच माणसाचं होतं. वलगावचं घर, दारची गाय आणि संत्र्याची झाडं सोडून किसनरावांना नोकरीच्या शेवटी अकोल्याला जावं लागलं. निघताना त्यांनी सुगतचे दोन्ही हात धरले आणि त्यांना रडू आलं. सुगतलाही आलं, पण ते त्यांच्यासाठी नव्हतं.

आता सुगतच्या लाल पट्टीखाली दुपारी निरोप येतो तो किसनरावांचा, कारण ज्योत्स्नानं लिहिणं सोडलं. परवाचा असा होता: "ज्योत्स्नाबाईनं डब्यात आंबाडीची भाजी आणली होती. मले वाढल्याबिगर जेवली नाई. संध्याकाळी घरी नेलं, तुमची पोरगी मांडीवर येऊन बसली, मले आबा म्हणते. कुलरमंदी पाणी भरून दिलं. इकडची काई फिकर करू नका, जवाईबापू."

सुगतनं ते दोनदा वाचलं. पोरगी आणखी काय म्हणते, हे त्याला विचारायचं होतं. त्यानं बोटं कळांवर ठेवली. तेवढ्यात खाली आणखी एक ओळ उमटली.

"तुमी मानाचे माणूस. उत्तर नाई दिलं तरी चालते."