सत्तेचाळिसावा तास

नोंग सालोईच्या सरकारी रुग्णालयात गेल्या अकरा महिन्यांत एकाही रुग्णाला रुग्णालयातला जंतुसंसर्ग झालेला नाही. ही माहिती अगदी खात्रीची आहे, कारण तो आकडा दर महिन्याला मीच भरते. संसर्ग नियंत्रण परिचारिका या हुद्द्यावर मला सव्वीस वर्षं झाली. सगळे जेंगताई म्हणतात. माझं काम जंतू मोजायचं. ते कमी करायचं काम कोणाकडे आहे, हे मला अजून समजलेलं नाही.

तसा आमचा जंतू ऐरागैरा नाही हो. वॉर्डात कोणी शिंकलं तरी डॉक्टर अँटिबायोटिक लिहून मोकळे होतात. नाही लिहिलं तर नातेवाईक हात जोडतात, "डॉक्टर, ती जोरदारवाली द्या ना!" मग जोरदारवाली. दोन दिवसांनी त्याहून जोरदार. एवढ्या सगळ्या औषधांतून जो जंतू जगला, तो आमच्याकडे कायम झाला. बेडचे कठडे, ड्रिपचे स्टँड, डॉक्टरांच्या कोटाच्या बाह्या, सगळीकडे त्याचा वावर. हात धुवायच्या बेसिनमध्ये ऑर्किडची कुंडी ठेवलेली आहे, कारण तपासणी समितीला फुलं आवडतात.

आरोग्य खात्याने 'शून्य संसर्ग' पुरस्कार जाहीर केला, तेव्हा आमचे संचालक डॉक्टर विरोत यांनी आधी स्वतःचा फोटो असलेला मोठा फ्लेक्स गेटवर लावला आणि मग मला बोलावलं.

"जेंगताई, आपला आकडा किती?"

"या महिन्यात एकोणीस, साहेब."

"एकोणीस शून्याच्या जवळ आहे का?"

"नाही साहेब."

"मग त्याला जवळ आणा," असं म्हणून ते फीत कापायला निघून गेले.

वाट दाखवली ती प्रसोंगकाकांनी, बिचाऱ्यांना कल्पनाही नसताना. काका आणि बुआलोय मावशींचं नूडल्सचं दुकान रुग्णालयाच्या गेटसमोर, रस्त्यापलीकडे. वर राहायचं, खाली विकायचं. झाडावरची लाँगनची फळं उतरवताना काका शिडीवरून पडले, खुबा मोडला. आम्ही आत स्टीलची सळई बसवली. दुसऱ्या दिवशी काकांनी हट्ट धरला, "मला पाच मिनिटं घरी न्या. ही सुपात मीठ जास्त घालते, गिऱ्हाईक तुटेल." व्हीलचेअरवरून नेलं. सूप चाखलं, मावशींना दोन शब्द सुनावले, परत आले. दारावरच्या कारकुनाने नियमाप्रमाणे बाहेर गेल्याची नोंद केली आणि परत आल्यावर नवा रुग्ण म्हणून दाखल करून घेतलं.

तिसऱ्या दिवशी ताप. चौथ्या दिवशी जखमेतून पू. सतरा औषधं लावून पाहिली प्रयोगशाळेने. सोळांना जंतू हसला. सतरावं कोलिस्टिन, जुनंपुराणं, मूत्रपिंडाला छळणारं, पण तेवढंच काय ते चालत होतं.

मी फॉर्म भरायला घेतला, तर साहेबांनी तो हातातून काढून घेतला. नियम असा: दाखल झाल्यापासून अठ्ठेचाळीस तासांनंतर संसर्ग दिसला तर तो रुग्णालयाचा, त्याआधी दिसला तर रुग्णाने घरून आणलेला. काकांचं दुसरं दाखल होणं धरलं तर चाळीसच तास झाले होते.

"घरून आणलाय," साहेब म्हणाले. डोळे भरून आले होते त्यांचे. "जेंगताई, घरून!"

"साहेब, हा जंतू नूडल्सच्या दुकानात सापडत नाही. तो आपल्या तीन नंबर वॉर्डातला आहे, मी त्याला चेहऱ्याने ओळखते."

"जंतू कुठला हे सूक्ष्मदर्शकातून दिसत नसतं. ते फॉर्मवर दिसतं."

पुढच्या सोमवारी 'गृहभेट योजना' सुरू झाली. उद्देश: रुग्णांचं मनोबल वाढवणे. प्रत्येक रुग्णाला सत्तेचाळिसाव्या तासाला घरी सोडायचं आणि अर्ध्या तासाने नव्याने दाखल करायचं. ज्यांची गावं चाळीस-पन्नास किलोमीटरवर, त्यांचं 'तात्पुरतं घर' म्हणून गेटसमोरचा पत्ता सोयीचा पडला. चौदा भागिले दोन, बुआलोय मावशींचं दुकान. रोज सकाळी रुग्णांची रांग रस्ता ओलांडू लागली. कोणी कुबड्यांवर, कोणी स्ट्रेचरवर, कोणाच्या हातात लघवीची पिशवी. श्वासाच्या नळीवरचा रुग्ण नेताना एक नर्स फुगा दाबत चालायची आणि दुसरी मोटारसायकली थांबवायची. मावशींनी आधी बाकं सरकवून जागा केली, चार जणांना फुकट सूपही पाजलं. "आजारी माणसं आहेत गं," म्हणायच्या.

प्रत्येक फॉर्मवर सही माझी. मला लाज वाटायची. वाटायची, आणि मी सही करायचे.

महिन्याभरात आमचा आकडा शून्यावर आला. संसर्ग तेवढेच राहिले, फक्त राहायला रस्त्यापलीकडे गेले. प्रांताच्या कार्यालयात कोणत्या पत्त्यावरून कोणता जंतू आला याचा नकाशा असतो. त्या नकाशावर प्रांतातला सर्वांत भयंकर जंतू एका नूडल्सच्या दुकानात राहतो असं दिसलं, आणि पांढरे अंगरखे घातलेलं पथक येऊन थडकलं. त्यांनी पळी पुसून नमुना घेतला, पातेलं पुसलं, फिश सॉसच्या बाटलीचं बूच पुसलं. काही सापडलं नाही. अहवालात लिहिलं, 'जंतू अत्यंत धूर्त असून लपून बसला आहे.' दुकानाला सील लागलं. चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरं काय!

मावशी तरातरा माझ्याकडे आल्या. "बावीस वर्षं गाव माझ्या पातेल्यातून जेवतंय, कोणाचं पोट दुखलं नाही. आणि आता मी रोगराई पसरवते?"

"मावशी, तो फक्त कागदावरचा पत्ता आहे."

"सील माझ्या दारावर आहे ना? कागदावर लाव म्हणावं." मग त्यांचा आवाज उतरला. "ते जाऊ दे. यांचा ताप उतरत का नाही? ते सतरावं औषध का देत नाही तुम्ही?"

हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं. कोलिस्टिन फक्त रुग्णालयातल्या संसर्गासाठी मिळतं. घरून आणलेल्याला साधी औषधं. शिवाय ज्या रुग्णालयाचा आकडा शून्य, त्याला कोलिस्टिन लागेलच कशाला? म्हणून प्रांताने आमचा सगळा साठा परत नेला होता, अभिनंदनाच्या पत्रासकट. मी एक फॉर्म 'रुग्णालयाचा संसर्ग' म्हणून भरून पाठवला असता, तर संध्याकाळपर्यंत कुप्या आल्या असत्या. एकच फॉर्म.

तो भरून मी साहेबांकडे गेले. वार मंगळवार होता.

"गुरुवारी समिती येतेय," साहेब म्हणाले. "शुक्रवारी पाठवा की. मी कधी नाही म्हटलंय?"

"साहेब, काका शुक्रवारपर्यंत..."

"दोन महिने शून्य टिकलंय, जेंगताई. तीनशे माणसांची मेहनत आहे. एका खुब्यासाठी सगळ्यावर पाणी फिरवणार? पुरस्कारावर तुमचंही नाव आहे."

होतं. आडनावासकट, सोनेरी अक्षरांत. मी फॉर्म घडी करून एप्रनच्या खिशात ठेवला. दोनच दिवस तर आहेत, असं मी मनाला सांगितलं. मनाने लगेच ऐकलं, सरकारी नोकरीत राहून राहून तेही तसलंच झालंय.

गुरुवारी समिती आली. आवारातल्या भूमिदेवाच्या देवळीपुढे नैवेद्याला लाल सरबताच्या बाटल्या मांडल्या, कागदी फुलं लावली, बेसिनमधली ऑर्किड बदलली. समितीच्या अध्यक्षांनी प्रत्येक रुग्णाशी हात मिळवला, एका बेडवरून दुसऱ्या बेडवर, हात न धुता. बरोबर दहा वाजता काकांचा सत्तेचाळिसावा तास भरला. अंग निखाऱ्यासारखं तापलेलं, तोंडातून शब्द फुटत नव्हता. मी वॉर्डबॉयला म्हटलं, "आज राहू दे." तो म्हणाला, "ताई, आज समिती आहे. आजच कसं राहू द्यायचं?"

नेलं. दुकानाला सील होतं, म्हणून दारासमोरच्या बाकावर निजवलं. मावशी डोक्याशी बसून पंख्याने वारा घालत होत्या. इकडे मंडपात साहेब भाषणात म्हणत होते, "हे शून्य म्हणजे आपल्या माणुसकीचं मोजमाप आहे." टाळ्या चालू असतानाच काका गेले.

मी धावत रस्ता ओलांडला. मावशी रडत नव्हत्या. काकांच्या गळ्यापर्यंत चादर ओढत त्यांनी विचारलं, "आता काय लिहिणार गं? घरी गेले म्हणून?"

मी तेच लिहिलं. मृत्यूचं ठिकाण, चौदा भागिले दोन. शुक्रवारी फॉर्मही पाठवला. कुप्या संध्याकाळी आल्या. वरातीमागून घोडं! पण साहेबांनी शब्द पाळला, हे मान्य करावं लागेल.

आता पुरस्काराची पाटी गेटवर आहे, आणि तीन प्रांतांतून लोक आमच्याकडे येऊ लागलेत. तुम्हीही पाटी वाचूनच चौकशीला आलात ना, आईच्या गुडघ्यासाठी? बेसिन कुठे आहे हे नाही विचारलंत. डॉक्टर हात धुतात का, हेही नाही. आकडा विचारलात, मी 'शून्य' म्हटलं, आणि तुमचा जीव भांड्यात पडला. आणून सोडा त्यांना सोमवारी. खिडकीजवळचा बेड कालच रिकामा झालाय. फॉर्मवर घरचा पत्ता मात्र नीट, सुवाच्य अक्षरात लिहा. पुढे तो आम्हाला लागतो.